पणजोबांच्या सायकलचा दिवा सापडलाय? घासायच्या आधी हे वाचा

जुन्या ट्रंकेत किंवा माळ्यावर सायकलचा जुना दिवा सापडला की पहिली इच्छा काय होते माहितीये, पॉलिशचा डबा आणि फडकं घ्यायचं आणि बसायचं घासत. तेवढं फक्त करू नका. मी केलं होतं. आमच्या पणजोबांच्या दिव्याच्या टोपणावर निकेलचा मुलामा होता, थोडा काळवंडलेला पण शाबूत, आणि मी अर्ध्या तासात तो एका बाजूने पूर्ण उडवला, खालचं पिवळं पितळ वर आलं. आता नवीन मुलामा देता येतो, पण ज्या मुलाम्यावर पणजोबांचा अंगठा रोज फिरायचा तो गेला तो गेलाच. त्यानंतर असे बरेच दिवे हाताळले, स्वतःचे आणि नातेवाइकांचे, आणि त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. लेख मोठा आहे, पण दिवा उघडायच्या आधी निदान पहिले दोन भाग तरी वाचाच.

आधी ओळखा, तेलाचा आहे की कार्बाइडचा

दोन्ही दिवे लांबून सारखेच दिसतात, पुढे गोल भिंग, वर धुराडं, मागे सायकलच्या ब्रॅकेटवर बसवायची खोबण. फरक पोटात आहे. तेलाच्या दिव्यात खाली एक चपटी टाकी असते, ती खालून किंवा बाजूने सरकवून बाहेर निघते, तिच्यावर वातीची पट्टी आणि वात वर-खाली करायला बारीक दात्यांच्या चाकाची किल्ली. कार्बाइड म्हणजे पाणी लागलं की जळणारा गॅस सोडणारे खडे, त्याच्या दिव्याला दोन कप्पे असतात. वरच्यात किंवा मागच्यात पाणी, खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, आणि मध्ये थेंब थेंब पाणी सोडायचा एक सुईसारखा स्क्रू ज्याची फिरकी टाकीच्या डोक्यावर दिसते. वातीच्या जागी पांढरट दगडाचा बर्नर असतो, बहुतेक वेळा इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा. त्या दोन फाट्यांतून निघणाऱ्या गॅसच्या धारा समोरासमोर आदळतात आणि ज्योत पसरट होते, माशाच्या शेपटीसारखी.

वयाचा ढोबळ अंदाज इथेच लागतो. तेलाचे दिवे आधीचे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने त्याचा 'किंग ऑफ द रोड' दिवा 1870 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणला, तेव्हा सायकल म्हणजे पुढे मोठं आणि मागे छोटं चाक, आणि तो दिवा चक्क पुढच्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मध्ये तुंब्याला लटकायचा. कार्बाइडचं तसं नाही. या दिव्यात जळणारा ॲसिटिलीन वायू 1836 मध्ये एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला सापडला होता, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकलं की हाच वायू निघतो हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने 1862 मध्ये दाखवलं, पण कार्बाइड स्वस्तात बनवायची रीत नव्हती. ती 1892 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रे गावात थॉमस विल्सनला अपघाताने मिळाली, तो ॲल्युमिनियमच्या मागे लागला होता आणि भट्टीतून निघालं कार्बाइड. त्यामुळे तुमचा दिवा कार्बाइडचा असेल तर तो साधारण 1890 च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतला किंवा त्यानंतरचा, त्याआधीचा असूच शकत नाही, घरात कोणी काहीही सांगू दे.

कार्बाइडचा असेल तर उघड्यावर उघडा, आणि आसपास आग नको

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बंद डबीत राहिलेलं कार्बाइड कित्येक वर्षं तसंच टिकू शकतं, आणि दिवा नुसता धुवायला घेतला किंवा ओलसर हवा आत शिरली की त्यातून ॲसिटिलीन सुटायला लागतो. हा वायू साध्या स्वयंपाकाच्या गॅससारखा समजू नका. हवेत तो 2.5 टक्के असला तरी पेट घेतो आणि 80 टक्के असला तरी घेतो, म्हणजे जवळजवळ कुठल्याही प्रमाणात धोका आहेच.

म्हणून दिवा घराबाहेर न्या, मोकळी हवा असेल अशा ठिकाणी, सिगारेट, काडेपेटी, इन्व्हर्टर, ड्रिल मशीन यातलं काहीही जवळ नको. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी हातमोजे घाला. खालची डबी हळूच फिरवून काढा. लसणासारखा उग्र वास आला तर समजा आत अजून जीव आहे, शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास नसतो पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये फॉस्फरसची भेसळ असते त्याचा हा वास. आत राखाडी खडे दिसले तर ते न वापरलेलं कार्बाइड. पांढरी भुकटी किंवा घट्ट झालेला पांढरा थर दिसला तर तो विझलेला चुना, म्हणजे काम झालेलं कार्बाइड, पण त्या थराच्या पोटात एखादा जिवंत खडा दडलेला असू शकतो हे लक्षात ठेवा.

हे सगळं लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडीने खरवडून भरपूर पाणी असलेल्या उघड्या बादलीत थोडं थोडं टाका, बाहेरच. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत बादली झाकायची नाही आणि एक दिवस तशीच राहू द्यायची. चुन्याचं पाणी कातडीला आणि डोळ्याला चांगलंच भाजतं, लहान मुलं आणि घरातली जनावरं लांब ठेवा. आणि ते खडे बाटलीत भरून झाकण लावून 'नंतर बघू' म्हणून ठेवून देणं, किंवा मोरीत ओतणं, हे दोन्ही अजिबात नाही.

डबीच्या तोंडाशी रबराचं वायसर असतं, बहुतेक वेळा दगडासारखं कडक झालेलं. गॅस गाळायला आत कापडाचा किंवा नमद्याचा तुकडा असतो. काही जुन्या दिव्यांमध्ये भरण म्हणून ॲस्बेस्टॉस वापरलेलं असू शकतं, तेलाच्या काही वातीही त्याच्या असायच्या, त्यामुळे पांढरट राखाडी तंतू भुगा होताना दिसले तर कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका, ओलं करून पिशवीत बंद करा.

साफ करायच्या आधी फोटो

दिवा जसा सापडला तसा, धुळीसकट, सहा बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग प्रत्येक सुटा भाग काढताना एक फोटो. हे कंटाळवाणं वाटतं पण भिंगाच्या कडीतली ती तारेची स्प्रिंग कुठल्या बाजूने बसली होती हे चार दिवसांनी अजिबात आठवत नाही, माझ्यावर ही वेळ आलीये.

आणि बघताना बारीक बघा. आमच्या दिव्याच्या वातीच्या पट्टीत एका कोपऱ्यात पत्र्याचा चिमुकला तुकडा घडी घालून खोचलेला होता, नखाएवढा. मी कचरा समजून काढणार होतो. मग लक्षात आलं की मूळ वात मिळत नसणार, पणजोबांनी अरुंद वात घालून उरलेली फट त्या पत्र्याने भरली होती, वात हलू नये म्हणून, आणि पत्र्याच्या कडा दाबून गोल केलेल्या होत्या म्हणजे वात फाटू नये. अख्ख्या दिव्यात त्यांच्या हातचं काम असं हे एवढंच आहे. तो तुकडा आजही तिथेच आहे.

तर असे जुगाड, दुसऱ्याच दिव्याचा स्क्रू, डाख लावून जोडलेली बिजागरी, ब्रॅकेटजवळची एकाच बाजूची झीज, आत पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं नाव, हे दोष समजून दुरुस्त करू नका. कारखान्यातून हजारो दिवे सारखेच निघाले, तुमच्या घरातला वेगळा कशाने झाला ते या खुणांमध्ये आहे.

अक्षरं वाचा, वय तिथे लिहिलेलं असतं

धुराड्यावर, मागच्या पत्र्यावर, टाकीच्या तळाला आणि भिंगाच्या कडीवर भिंगातून बघा, उजेड एका बाजूने तिरका पाडा म्हणजे पुसट अक्षरं उठून दिसतात. लुकास, मिलर, पॉवेल अँड हॅनमर ही नावं दिसली तर दिवा बर्मिंगहॅमचा. 'सोलर' असेल तर अमेरिकेतल्या केनोशा गावच्या बॅजर ब्रास कंपनीचा, यांचे कार्बाइडचे दिवे खूप खपले. डी.आर.जी.एम. ही अक्षरं जर्मन नोंदणीची आणि ती पद्धत 1891 मध्ये सुरू झाली. एस.जी.डी.जी. असेल तर फ्रेंच पेटंट, पण ही खूण 1844 पासून 1968 पर्यंत चालली त्यामुळे तिच्यावरून वय फारसं कळत नाही.

ब्रिटिश दिव्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पेटंट नंबर. 1915 पर्यंत तिथे दर वर्षी नंबर पुन्हा 1 पासून सुरू व्हायचे म्हणून नंबरासोबत सालही लागायचं. 1916 पासून सलग मोजणी सुरू झाली ती 100001 पासून. म्हणजे तुमच्या दिव्यावर पेटंटचा सहा आकडी नंबर असेल तर दिवा 1916 च्या आधीचा नाही. फक्त नोंदवलेल्या डिझाइनचा नंबर वेगळा असतो, तोही सहा आकडी असू शकतो, त्याच्या आधी 'आर.डी.' असं काहीतरी लिहिलेलं असतं, या दोघांची गल्लत करू नका. आणि पेटंट नंबर हा 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतो, त्यानंतर किती वर्षं तोच साचा वापरला ते नाही सांगत.

बाजूला रंगीत काचेचे छोटे खडे असतील तर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा, जहाजांच्या दिव्यांसारखं. उलटे बसलेले दिसले तर मधे कधीतरी कोणीतरी खोलून परत जोडलाय.

अडकलेले भाग

जुनं वनस्पती तेल वर्षानुवर्षं पडून वॉर्निशसारखं घट्ट होतं, टाकी जागेवर चिकटून बसते. जोर लावायचा नाही, हे दिवे पातळ पत्र्याचे आणि डाखाने जोडलेले आहेत, आणि डाख फार कमी उष्णतेला वितळतो, त्यामुळे ब्लो टॉर्चने गरम करून सोडवायचा विचार मनातही आणू नका. रॉकेलात किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फटीवर ठेवा, दर काही तासांनी बदला, दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या. रंग असलेल्या भागावर मात्र अल्कोहोल नको, रंग सुटतो. आट्यांवर गंज असेल तर गंज सोडवायचं पातळ तेल, एक रात्र थांबा, मग लाकडी दांड्याने हलक्या टिचक्या मारा. पकड वापरलीच तर मध्ये जाड कापड किंवा चामड्याचा तुकडा घ्या. आणि एवढं करूनही नाही सुटलं तर राहू दे, बंद दिवा हा पण दिवाच आहे, मोडलेल्या आट्यांचा नंतर काही इलाज नसतो.

सफाई, प्रत्येक धातूची वेगळी

आधी कोरडा मऊ ब्रश, जुना दाढीचा ब्रश उत्तम. मग कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, कापसाच्या काडीने थोडा थोडा भाग, लगेच दुसऱ्या ओल्या कापसाने पुसा आणि लगेच कोरडं करा. दिवा पाण्यात बुडवायचा नाही, शिवणींमध्ये पाणी शिरलं की आतून गंजतो आणि ते बाहेरून कळतच नाही.

निकेलला एवढंच पुरे. निकेल किंचित पिवळसर झाक असलेलं दिसतं, क्रोमसारखं निळसर नसतं, ती झाक घालवायला जाऊ नका. जिथे मुलामा उडालाय तिथे पितळ दिसतं, ते तसंच राहू द्या.

पितळ कळकलं असेल, हिरवा थर चढला असेल, तर तो सुकलेल्या बांबूच्या काडीने अलगद खरवडता येतो. लिंबू, व्हिनेगर आणि तसल्या आंबट गोष्टींनी पितळ पटकन चमकतं हे खरं, पण आम्ल पितळातलं जस्त खातं आणि मग गुलाबी तांबूस डाग पडतात ते जात नाहीत. अमोनिया असलेली पॉलिश तर आणखी वाईट. भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं आपोआप तडकायची, आणि ते घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे होतं हे 1921 मध्ये कळलं. तुमच्या दिव्याचं धुराडं असंच दाबून घडवलेल्या पितळाचं असतं, आत ताण असतो, त्याला अमोनिया नकोच. चमक हवीच असेल तर अगदी बारीक खडूची पूड पाण्यात कालवून मऊ कापडाने, आणि तीही कित्येक वर्षांतून एकदा.

मागच्या गोल आरशाला, म्हणजे रिफ्लेक्टरला, शक्यतो हातच लावू नका. चांगल्या दिव्यांमध्ये त्यावर चांदीचा अतिशय पातळ थर असतो, दोन वेळा घासलं की खालचं पितळ. काजळी मऊ ब्रशने जेवढी निघेल तेवढीच काढायची.

काळा चकचकीत रंग असेल तर पॉलिश पेपर लावू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि तो रंग परत मिळत नाही. काच थंड असतानाच पुसा, गरम पाणी नको. बर्नरची भोकं चोंदली असतील तर तारेच्या ब्रशचा एकच बारीक केस घ्या, स्टीलची सुई घुसवली की भोक मोठं होतं आणि तो मऊ दगड फाटतो.

सगळं झालं की पूर्ण कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (धातूच्या जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा) पातळ हात द्या, वीस मिनिटांनी मऊ कापडाने पुसा. लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारू नका.

पेटवायचा का?

हा प्रश्न घरातलं प्रत्येक लहान मूल विचारतं आणि मला त्यांची उत्सुकता कळते, कारण मलाही तेच वाटलं होतं.

तेलाचा दिवा पेटवता येतो, पण टाकी गळत नाही याची आधी खात्री करा, पाणी न घालता थोडं तेल घालून रात्रभर कागदावर ठेवा, डाग पडला तर विषय संपला. धुराड्याची आणि खालची सगळी हवेची भोकं मोकळी हवीत, ती बुजली की दिवा धुरकतो आणि तापतो. वात पट्टीच्या रुंदीची, वरून सरळ कापलेली आणि दोन्ही कोपरे किंचित गोल केलेली, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात. टाकी पाऊण भरायची, वात अर्धा तास मुरू द्यायची, ज्योत आधी छोटी ठेवायची आणि दिवा तापला की बघायची, कारण तापल्यावर ती आपोआप वाढते. बाहेर, दगडावर किंवा फरशीवर, आणि समोर बसून. पेट्रोल किंवा थिनर कधीही नाही. काही दिवे घट्ट वनस्पती तेलासाठी केलेले आहेत, त्यात रॉकेल भडकल्यासारखं जळतं, त्यामुळे जपून.

कार्बाइडच्या दिव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आठवणीची वस्तू असेल तर पेटवू नका. 50 ग्रॅम कार्बाइडमधून साधारण 15 लिटर गॅस निघतो आणि तो शंभर वर्षं जुन्या सांध्यांमधून कुठून बाहेर येईल ते पेटल्याशिवाय कळत नाही. खडे चुना होताना फुगतात, म्हणून डबी अर्ध्याच्या वर भरली तर पाण्याचं भोक बुजतं. आणि कोणी गॅसची नळी बदलायला तांब्याची नळी घालून दिली तर तो दिवा कायमचा धोक्याचा झाला, कारण ॲसिटिलीन तांब्याशी मिळून स्फोटक संयुग तयार करतो, मूळ दिवे पितळाचे होते ते चाललं कारण त्यात तांबं साधारण 70 टक्क्यांच्या आत असायचं.

उजेड बघायचाच असेल तर आत बॅटरीवरचा छोटा एलईडी ठेवा, 1900 ते 2000 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), तेलाच्या ज्योतीच्या जवळचा रंग मिळतो. भोक पाडायचं नाही, चिकटवायचं नाही, बर्नर काढून फेकायचा नाही. जे घातलं ते दोन मिनिटांत काढता आलं पाहिजे. बॅटरी मात्र आत विसरू नका, ती गळली की टाकीची वाट लागते.

ठेवायचा कुठे

उन्हात नाही, ओल असलेल्या भिंतीशी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आम्लरहित कागद घ्या. भाग एकत्र राहावेत म्हणून रबरबँड लावतात लोक, त्यातल्या गंधकाने चांदी आणि पितळ काळं पडतं, सुती दोरा बांधा. काढून ठेवलेलं जुनं वायसर, वातीचा तुकडा, जे काही निघालं ते छोट्या पिशव्यांमध्ये चिठ्ठी लावून त्याच डब्यात.

आणि गोष्ट लिहून ठेवा, पण तपासून

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर दिवा ठेवा, हातात द्या, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून गप्प बसा. हातात वस्तू आली की आठवणी येतात, नुसतं विचारून नाही येत. आमच्या आजीने दिवा हातात घेतल्यावर पहिलं काय केलं तर वातीची किल्ली डाव्या हाताने फिरवली, आणि म्हणाली मामंजी डावखुरे होते, असंच लावायचे. ही गोष्ट घरात आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती.

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, दिव्यावर काय दिसतं, कोणी स्वतः पाहिलेलं काय सांगितलं, आणि ऐकीव काय. आमच्याकडे सगळे सांगायचे की पणजोबांनी 1905 मध्ये पहिल्या पगारातून हा दिवा घेतला. दिव्यावरचा पेटंट नंबर सहा आकडी निघाला, म्हणजे 1916 च्या आधी तो बनलेलाच नव्हता. काकांना हे सांगताना मला फार जड गेलं, त्यांनी तो नंबर स्वतः भिंगातून दोनदा वाचला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की पहिल्या पगारातली बहुतेक सायकल असेल, दिवा नंतर आला असेल. डब्यातल्या चिठ्ठीवर आम्ही दोन्ही लिहिलंय, नंबर काय सांगतो ते, त्याखाली काकांचं वाक्य त्यांच्याच अक्षरात तारखेसकट, आणि सगळ्यात खाली आजीची ओळ, डाव्या हाताने लावायचे.